वीस रेघा

बाटल्या गोठल्यात हे धाकटीने पाहिलं, आणि या घराण्याच्या रीतीप्रमाणे पहिला ठपका तिच्यावरच आला. वाईट बातमी जो आणेल त्याच्या नावावर ती मांडायची, हे अप्पांच्या हयातीपासून चालत आलं होतं. अप्पा गेले, भावंडं पांगली, पण ही रीत काही मोडली नाही.

"गोठल्या तर गोठल्या. बाहेर काढून ठेव, वितळतील," दादा म्हणाला. तो कामावर निघाला होता आणि एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता.

"वितळल्या तरी उपयोग नाही, दादा. इन्सुलिन एकदा गोठलं की त्यात दम राहत नाही."

"मग थंड ठेवा म्हणून कशाला सांगितलंस?" हे थोरली, दादाची बायको, म्हणाली. घर तिचं, फ्रीज तिचा, आणि बाटल्यांचा डबा अगदी मागच्या थंडगार भिंतीला टेकवून ठेवणारा हातही तिचाच.

"फ्रीजच्या दारात ठेवा म्हणाले होते, वहिनी."

"दारात दूध असतं."

झालं. आईला परदेशातल्या या घरात येऊन जेमतेम आठवडा होत होता आणि दोन्ही सुनांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. खरं तर सगळे जमणार होते ते आईचं पुढे काय करायचं हे ठरवायला. अप्पा गेल्यापासून ती धाकट्याकडे होती. आता तिला कायमची इथे ठेवून घ्यावी असं दादाच्या मनात होतं. धाकट्याच्या मनात काय होतं ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ताई याच देशात, पण दुसऱ्या गावात राहायची. ती संध्याकाळी येऊन पोचायची होती. आणि ज्या बाईवरून ही सगळी खलबतं, ती खिडकीपाशी बसून तिसऱ्यांदा पाणी मागत होती.

"घसा कोरडा पडतोय ग धाकटे," आई म्हणाली.

धाकटीने पेला भरून दिला. ही तहान तिच्या ओळखीची होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी आईला सुई सुरू झाली, आणि ती सुई तेव्हापासून धाकटीच्याच हातात. अप्पांनी शिकवलं होतं. अप्पा नकाशे काढायचे. जन्मभर त्यांनी कागदावर रेघा मारल्या आणि दुसऱ्यांच्या रेघांत चुका काढल्या. सिरिंज उजेडात धरून ते म्हणायचे, "आकड्याकडे बघू नकोस. आकडा बोटांनी पुसला जातो. रेघ मोज." म्हणून या घरात औषधाचं माप कधी आकड्याने सांगितलंच गेलं नाही. सकाळी वीस रेघा, संध्याकाळी बारा रेघा. आप्तेष्टांत धाकटीची ख्याती होती ती एवढीच, की हिची रेघ चुकत नाही.

दादाने त्या दिवशी रजा टाकली, आणि धाकटीला गाडीत घालून औषधाच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या. पहिल्या दुकानात घरच्या डॉक्टरची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली गेली आणि परत मिळाली. दुसऱ्या दुकानातल्या बाईने ती हातातही घेतली नाही. तिसऱ्यात दादाने आवाज चढवला, तेव्हा आतून एक धिप्पाड माणूस आला आणि त्याने तेच सांगितलं, फक्त जास्त हळू आवाजात.

"काय म्हणतायत?" धाकटी प्रत्येक वेळी विचारायची.

"इथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही."

तिला इथली भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण एक शब्द मात्र तिच्या कानात पक्का बसला. प्रत्येक काउंटरवर तो आधी यायचा, मान हलायची, आणि मग बाकीचं बोलणं. हा म्हणजे यांचा 'नाही', हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. परदेशात येऊन मी एक शब्द शिकले आणि तोही असला, असं तिने गाडीत दादाला हसवायला सांगितलं. दादा हसला नाही.

दवाखान्यातही तोच शब्द. नोंदणी नाही, वेळ घेतलेली नाही, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या दिवशी ताईच पुढे झाली. आईला हाताला धरून तिने सरळ दवाखान्यात नेऊन बसवलं आणि सांगितलं, ही इथून हलणार नाही. ताईचा आवाज असा की भाषा कुठलीही असो, ऐकणाऱ्याला उभं राहावंसं वाटतं. शेवटी एका तरुण डॉक्टरने आईच्या बोटाला टोचलं, यंत्रातला आकडा पाहिला आणि मुकाट्याने लिहायला घेतलं.

"किती घेते विचारतायत," दादा म्हणाला.

"सकाळी वीस रेघा, संध्याकाळी बारा."

दादाने डॉक्टरला आकडे सांगितले. वीस आणि बारा. रेघ या शब्दाचं काय करायचं हे त्याला सुचलं नसावं, किंवा त्याची गरजच वाटली नसावी. तो शब्द तिथेच गळून पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुकानदाराने या वेळी बाटली दिली, पण तोवर रात्र झाली होती आणि संध्याकाळच्या सुईची वेळ टळून गेली होती. तिच्याबरोबर त्याने सिरिंजचं एक पाकीट पुढे सरकवलं आणि काहीतरी म्हणाला. दादाने पाकीट परत त्याच्याकडे सरकवलं. त्याने पुन्हा पुढे केलं, दादाने पुन्हा मागे केलं.

"सिरिंजा हव्यात का विचारतोय," दादा पिशवी उचलत म्हणाला. "म्हटलं घरी ढीगभर आहेत. पोतं भरून आणल्यात तुम्ही."

ते खरंच होतं. धाकटीने परदेशच्या प्रवासाची धास्ती घेऊन सिरिंजाच सिरिंजा भरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सगळ्यांचीच गर्दी झाली. थोरली नळ सोडून भांडी विसळत होती. ताई चहा गाळत होती. धाकटा, ज्याला ताई लहानपणापासून मौनीबाबा म्हणायची, कपाटाला टेकून उभा होता. आई खुर्चीत पोट उघडं टाकून बसली होती, आणि दादा घड्याळाकडे बघत होता. आज सगळं बोलून टाकायचं असं त्याने जाहीर केलं होतं.

धाकटीने बाटली दोन्ही तळव्यांत धरून हलकेच घोळवली. हे औषध हलवायचं नसतं, घोळवायचं असतं, आतला दुधीपणा सगळीकडे सारखा होईपर्यंत. घोळवताना तिची नजर बाटलीवरच्या कागदावर गेली.

"दादा, यावर शंभर लिहिलंय."

"मग?"

"आपल्या बाटलीवर चाळीस असायचं."

"कंपनी वेगळी, छाप वेगळा. इथे सगळंच वेगळं लिहितात." दादाने कपाळाला आठी घातली. "डॉक्टरने लिहिलं, दुकानदाराने दिलं. का आता त्यांचीही परीक्षा घ्यायची तुला?"

"तसं नाही, पण एकदा फोन करून..."

"धाकटे, दोन दिवस मी कामधंदा सोडून हेच करतोय. बाटली गोठली म्हणालीस, धावलो. आता बाटली मिळाली तर तिच्यावर आकडा बरोबर नाही. तुझं समाधान नेमकं कशाने होणार आहे?"

ताईने चहाचे कप मांडले. धाकट्याने खाली पाहिलं. नळ चालूच राहिला. धाकटीला वाटलं, आपला नवरा आता काहीतरी म्हणेल. निदान "करा की फोन" एवढं तरी. त्याने चहाचा कप उचलला.

"दे ग बाई, दे," आई म्हणाली. "तहानेने जीव चाललाय माझा."

धाकटीने सिरिंज उजेडात धरली. वीस रेघा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर काढला, आईच्या पोटाची चिमूट धरली आणि सुई दिली.

"हिचा हात कळतसुद्धा नाही," आई ताईला म्हणाली. ताई म्हणाली, "तेवढं मात्र खरं."

आईने नाश्ता जेमतेम चिवडला. मग दादाने बैठकीच्या खोलीचं दार लोटून घेतलं. "ही आम्हा भावंडांची बोलणी आहेत," तो दोन्ही सुनांना उद्देशून म्हणाला. थोरली वर निघून गेली. धाकटी शेजारच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. भिंत पातळ होती. ऐकायचं नाही असं ठरवूनही सगळं ऐकू येत होतं.

दादाने मोठी प्रस्तावना केली. इथे उपचार चांगले, हवा चांगली, आईची एक खोली. ताई म्हणाली, "आणि दिवसभर घरात कोण? तू कामावर, वहिनी कामावर. आई भिंतींशी बोलणार?" दादा म्हणाला, मग तू ने. ताई म्हणाली, मी नेते म्हटलं का? धाकट्याचा आवाज एकदाच आला. "तिकडे ती बरी आहे." त्यावर दादा म्हणाला, "बरी आहे म्हणजे काय, तुझ्या बायकोच्या मुठीत आहे."

धाकटीच्या हातातली घडी मोडली. तिने ती पुन्हा घातली.

"आपण आईलाच विचारू," ताई म्हणाली. "आई, सांग. कुठे राहायचंय तुला?"

ताईने पुन्हा विचारलं. मग आई म्हणाली, "मला सोडा तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"ते... दार आहे ना. त्याच्या."

"आई, नीट सांग ना."

"हा कोण बसलाय?"

"मी कोण?" दादाचा आवाज चिरकला. "बघितलंस ताई? स्वतःच्या घरी आणली, हातापाया पडून औषध मिळवलं, आणि मी कोण विचारतेय. टोमणेच मारायचे तर सरळ मार ना, आई!"

"तिला राग आलाय रे. आपण तिच्यासमोर असं भांडतोय, येणारच," ताई म्हणाली.

धाकटी हातातला कपडा तसाच धरून ऐकत राहिली. आई रागवायची, फणफणायची, दोन दोन दिवस अबोला धरायची, पण टोमणा? टोमणा तिला कधी जमलाच नाही. जे असेल ते तोंडावर. आणि तो आवाज रागाचा नव्हता. जीभ जड झाली होती.

ती उठली आणि मनाई केलेलं दार ढकलून आत गेली.

खोली गार होती. आईच्या वरच्या ओठावर, कपाळावर, मानेवर घाम थबथबला होता. पोलकं पाठीला चिकटलं होतं. बोटं मांडीवर काहीतरी वेचत होती.

"साखर!" धाकटी ओरडली. "साखर आणा कुणीतरी!"

"वेडी आहेस का?" दादा उठला. "शुगरच्या पेशंटला साखर?"

"साखर उतरलीय त्यांची! आणा लवकर!"

पायऱ्यांवरून धाडधाड उतरून साखरेचा डबा घेऊन आली ती थोरली. धाकटीने बोटाने साखर आईच्या गालाच्या आत चोळली, पण आईचे दात आवळत चालले होते. साखर हनुवटीवरून घरंगळली. धाकटा "आई, आई" करत होता, इतकं तो वर्षभरात बोलला नसेल. ताई फोनवर पत्ता सांगत होती आणि तिच्या त्या जरबेच्या आवाजाला कंप सुटला होता.

रुग्णालयात शिरेतून साखर दिल्यावर आईने डोळे किलकिले केले. सगळ्यांच्या जिवात जीव आला. तिथली डॉक्टर मध्यमवयीन बाई होती. तिने दादाला काही विचारलं. दादाने उत्तर दिलं, आणि त्यात धाकटीला फक्त त्याच्या बोटांची खूण कळली. वीस.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

"काही विशेष नाही म्हणतायत," दादाने कपाळ पुसलं. "सुई घेतली आणि खाल्लं कमी, त्यामुळे झालं. थोड्या वेळाने जेवायला देतील, मग घरी."

"सुटलो बाई," ताई म्हणाली.

धाकटी पलंगापाशी उभी होती. आईचे डोळे पुन्हा मिटत होते. "वीस रेघांनी यांचं असं कधी झालेलं नाही," ती म्हणाली. "उपास केला तेव्हासुद्धा नाही."

"धाकटे, आता पुरे," दादा म्हणाला.

पण धाकटीने पिशवीत हात घातला. दवाखान्यात जाताना औषध बरोबर न्यायचं, तेही अप्पांनीच शिकवलेलं. तिने बाटली काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली आणि बाजूला सकाळची सिरिंज. बाईंनी बाटली पाहिली. मग सिरिंज उचलली, डोळ्यांजवळ नेली, फिरवली. त्यांनी घाईने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नर्सला हाक मारली. एकदम धावपळ सुरू झाली. पलंगाचा कठडा वर गेला, चाकं फिरली, आईला कुठेतरी आत नेलं.

"ताई, काय झालं? काय म्हणाल्या त्या?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ही सिरिंज या बाटलीची नाही म्हणाल्या. आपल्याकडचं औषध पातळ असतं, सिरिंजही त्याच मापाची. इथलं घट्ट असतं, चाळीसच्या जागी शंभर. तेवढ्याच जागेत अडीचपट मावतं."

"पण मी वीसच..."

"तुझ्या वीस रेघांत पन्नास रेघांचं औषध गेलं, धाकटे. आणि ते अंगात अजून बराच वेळ काम करत राहणार."

धाकटी भिंतीशी बाकावर बसली. तिला रडू आलं नाही. तिने सगळी सकाळ पुन्हा मनात केली. उजेड बरोबर होता. हात हलला नव्हता. रेघ चुकली नव्हती. इतक्या वर्षांत तिने त्या एकाच गोष्टीचा अभिमान धरला होता, आणि आई मरायला टेकली होती ती त्याच बिनचूक रेघेने. मला कळत होतं, तिला वाटलं. मला शंभर दिसले होते. दादा ओरडले तर ओरडले, मी सुई खाली का नाही ठेवली? हात माझा होता.

शेजारी धाकटा येऊन बसला. "मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.  आता त्याच्या बोलण्याला तिच्याकडे जागा नव्हती.

दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ताईने ऐकून घेतलं आणि इतरांना सांगितलं. साखर मधे पुन्हा खूप खाली गेली होती. श्वास आहे. डोळे उघडतात, पण हाक मारली तर ओळख देत नाही. मेंदूला किती लागलंय ते दोन दिवसांनी कळेल. पूर्वीसारखी होईल अशी आशा धरू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. हे वाक्य ताईला एका दमात सांगता आलं नाही.

मग बाईंनी बाटली वर धरली, तिच्यावरच्या आकड्यावर नखाने टकटक केलं आणि सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत काही विचारलं. त्यांची नजर धाकटीवर येऊन थांबली.

"काय विचारतायत?" धाकटी उठली.

कुणी सांगेना. "सकाळी हा आकडा वेगळा आहे हे कुणाच्या लक्षात आलं होतं का, असं," धाकटा हळूच म्हणाला. त्याला ती भाषा तोडकीमोडकी येत होती.

"मग सांगा ना त्यांना. मी विचारलं होतं म्हणावं. दादांना विचारलं होतं."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादाने घसा खाकरला. एका दिवसात तो म्हातारा दिसायला लागला होता. तो डॉक्टरीणबाईंकडे वळला आणि बोलला. धाकटीचं म्हणणं एवढं लांब, आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं.

तो शब्द धाकटीला येत होता. प्रत्येक काउंटरवर ऐकला होता तो तिने.

तिने ताईकडे पाहिलं. हिने ऐकलंय, हिला भाषा येते, आणि सकाळी चहा गाळत ही तिथेच उभी होती. ताईने नजर चुकवली. "भाऊ आहे ग माझा," ती इतकंच पुटपुटली. "नोंद होईल, चौकशी होईल. त्याला इथे राहायचंय."

"आणि मला तिकडे," धाकटी म्हणाली. तिकडे म्हणजे त्या घरात, त्या आप्तेष्टांत, जिथे हिची रेघ चुकत नाही असं म्हणत आले होते. ती डॉक्टरीणबाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिच्याजवळ या भाषेतला एकुलता एक शब्द होता. दादाकडे बोट दाखवून तिने तोच शब्द उच्चारला. नाही. बाई बुचकळ्यात पडल्या. तिने पुन्हा म्हटलं. नाही, नाही.

"तमाशा करू नकोस," दादा म्हणाला.

तेव्हा थोरली पुढे आली. बाटल्या गोठल्यापासून ती धाकटीशी अवाक्षर बोलली नव्हती. तिने डॉक्टरीणबाईंच्या हातून बाटली घेतली, शंभरावर बोट ठेवलं, मग तेच बोट धाकटीकडे केलं, मग स्वतःच्या नवऱ्याकडे. आणि ती बोलायला लागली. "अगं," दादा म्हणाला, "अगं, ऐक." ती थांबली नाही. तिचं सगळं सांगून होईपर्यंत तो शब्द एकदाही आला नाही. दादा खाली बसला आणि त्याने तोंड ओंजळीत घेतलं. बाईंनी लिहून घेतलं, धाकटीच्या खांद्याला हात लावला आणि आत निघून गेल्या.

"काय सांगितलंत, वहिनी?"

"तू विचारलं होतंस, हे. यांनी उडवून लावलं, हे." थोरली बाकावर बसली. "बाटल्या मी मागे ठेवल्या, तेही. आणि मला नळाच्या आवाजातही सगळं ऐकू येत होतं. मला वाचता येतं इथलं. मी मागे वळून बाटली बघायला हवी होती. तेही सांगितलं."

दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या.  खिडकीतला उजेड तिरपा झाला. घरी असती तर धाकटी या वेळी हात धुऊन आईची दुसरी सुई भरायला बसली असती, बारा रेघांची. तिचे दोन्ही तळवे मांडीवर एकमेकांवर हलकेच फिरत होते, औषध घोळवताना फिरतात तसे. थोरलीने ते पाहिलं, आणि ते थांबवण्यासाठी तिचे हात आपल्या हातात घेतले.